शंभरातून बत्तीस

परदेशी मास्तर सांभाळायचं काम मी मागून घेतलेलं नाही. चीनमध्ये चांगशा शहरापासून दोन तासांवरच्या या विद्यापीठात मी अकरा वर्षं लेक्चरर आहे. तीन तुकड्यांना इंग्रजी व्याकरण शिकवते आणि विभागात सगळ्यांत स्वच्छ इंग्रजी तान मॅडमचं, अशी माझी ख्याती आहे. त्या ख्यातीचं बक्षीस म्हणून डेरेक हॉब्डे माझ्या गळ्यात पडला. त्याचा व्हिसा मी बघायचा, त्याच्या नळाला पाणी नाही आलं तर प्लंबरला मी फोन करायचा आणि त्याच्या चड्ड्या मुख्य दरवाजासमोरच्या गॅलरीत वाळत असल्या की कुलगुरूंच्या कचेरीतून फोन मला यायचा.

डेरेक न्यूझीलंडचा, छप्पन वर्षांचा. इथे येऊन त्याला चार वर्षं झाली. माणूस वाईट नाही. मुलांना जीव लावून शिकवतो, वेळेवर येतो, पोरींशी नीट वागतो. पण त्याच्या तोंडात कायम एकच प्रश्न असतो: का? आता मध्य-शरद सणाची तीन दिवस सुट्टी मिळाली, तर त्यातल्या शुक्रवारचे तास आधीच्या रविवारी घ्यायचे असतात. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. चार वर्षं दर सणाला मी त्याला हे सांगते आणि चार वर्षं तो माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो.

"म्हणजे सुट्टी उसनी घ्यायची आणि परत करायची? मग ती सुट्टी कसली, शू-यी?"

"अहो डेरेक, मूनकेकचा डबा मिळाला ना तुम्हाला? मग घ्या तास."

मी त्याला अहो-जाहो करते, तो मला सरळ नावाने हाक मारतो, तीही विद्यार्थ्यांसमोर. सांगून दमले, आता सोडून दिलंय.

यंदाचा सप्टेंबर तर जीव घेणारा निघाला. ऑक्टोबरात बीजिंगहून तपासणी समिती यायची होती. पाच-सात वर्षांतून एकदा येते ती. ती येणार म्हटलं की शिकवणं बाजूला राहतं आणि अख्खं विद्यापीठ कागद नटवायला बसतं. मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका खोक्यांतून बाहेर काढायच्या, प्रत्येक खूण नियमात बसते का ते बघायचं, बसत नसेल तर पुन्हा तपासायच्या. लाल शाईच हवी. मिळालेले गुण लिहायचे, कापलेले नाहीत. खाडाखोड असेल तर तिथे सही हवी.

डेरेकने तीन वर्षं हिरव्या पेनाने पेपर तपासले होते. लाल रंगाने म्हणे मुलांचं मन दुखावतं. वीस-वीस वर्षांचे घोडे ते, त्यांची मनं! त्यातून याने प्रत्येक प्रश्नापुढे मिळालेले गुण न लिहिता कापलेले लिहिलेले. उणे सात, उणे आठ. आणि जिथे उत्तर आवडलं तिथे हसरा चेहरा काढलेला. असे चारशे बारा पेपर. मी खोकी त्याच्या घरी नेऊन टाकली तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत माझी कंबर मोडली होती.

"हे सगळं पुन्हा?" तो ओरडला. "मुलं पास होऊन गेलीसुद्धा! का?"

"समिती येतेय म्हणून."

"समितीला हसरे चेहरे आवडत नाहीत?"

"समितीला लाल रंग आवडतो. लागा कामाला."

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, माझ्या खोलीचं दार वाजलं. आमच्याकडे साडेबारा ते अडीच कुणी कुणाचं दार वाजवत नाही. सगळी कचेरी वामकुक्षी घेत असते. मी घडीची खाट पसरून, डोळ्यांवर रुमाल टाकून पडले होते.

"शू-यी, झोपलीयस का?"

झोपलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणारा माणूस चार वर्षं मी सांभाळतेय. मी दार उघडलं.

"शंभरातून बत्तीस गेले तर किती?" त्याने विचारलं.

"माझी झोप गेली. आधी ती मोजा."

"सांग ना."

"अडुसष्ट."

"मी अठ्ठावन्न लिहिलेत."

त्याने पेपर माझ्या खाटेवर ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या वर्षाचा, इंग्रजी लेखनाचा. चार प्रश्न. उणे सात, उणे आठ, उणे दहा, उणे सात. मी दोनदा बेरीज केली. बत्तीसच येत होते. वर त्याच्या गोल अक्षरात हिरवे अठ्ठावन्न. आमच्याकडे साठाला पास. नाव होतं पेंग रुईलान.

मी संगणकावर तिची नोंद काढली. मुलगी आता चौथ्या वर्षाला, वर्गात तिसरी. बाकी सगळ्या विषयांत ऐंशी-नव्वद आणि मध्येच हे अठ्ठावन्न. पुढे फेरपरीक्षेचे साठ, कारण फेरपरीक्षेला कितीही लिहिलं तरी साठच मिळतात. त्या एका नापासाची किंमत काय ते मला कुणी सांगायला नको होतं. वर्गातल्या पहिल्या सहा जणांना प्रवेशपरीक्षा न देता थेट एम.ए.ला पाठवतात. अट एकच, चार वर्षांत कधीही नापास नको. यादी गुरुवारी बारा वाजता वर जाणार होती आणि रुईलानचं नाव तिच्यात नव्हतं.

"सोपं आहे," डेरेक म्हणाला. "मी लिहून देतो. मी गाढव आहे, मला वजाबाकी येत नाही. इंग्रजीत देतो आणि तुमच्या भाषेतही देतो."

"तुमच्या लिहिण्याने काही होत नाही."

"का?"

मी पेपरच्या पहिल्या पानावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे दोन सह्या असतात. पहिली तपासणाऱ्याची, दुसरी पडताळणाऱ्याची. पडताळणाऱ्याचं काम एवढंच की बेरीज बरोबर आहे का ते बघायचं. परदेशी मास्तराच्या पेपरात चूक निघाली तर नियमाने जबाबदार तो नाही, पडताळणारा. दुसरी सही माझी होती.

खरं सांगायचं तर आमच्या विभागात बेरीज कुणीच बघत नाही. पन्नास पेपरांचा गठ्ठा समोर येतो, चहाचा थर्मास बाजूला असतो, गप्पा चालू असतात आणि दहा मिनिटांत पन्नास सह्या होतात. मी त्यांच्यावर करते, ते माझ्यावर करतात. बघायला बसलं तर समोरच्याला वाटेल, हिला माझ्यावर भरवसा नाही.

डेरेकने सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तू बघितलाच नव्हतास?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्याचाच मला जास्त राग आला. स्वतः वजाबाकी चुकवायची, भर दुपारी लोकांना उठवायचं आणि वर हे विचारायचं!

"तुम्ही घरी जा," मी म्हटलं. "मी बघते."

ल्याओ साहेब आमचे उपप्रमुख. शिकवणं, परीक्षा, समिती सगळं त्यांच्याकडे. दिवसभर सुपारी चघळतात, त्यामुळे चांगली बातमी आहे की वाईट हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. एक्केचाळीस वर्षांची झाले तरी मी त्यांची 'छोटी तान'.

त्यांनी पेपर लांब धरून पाहिला. "निबंधाचे किती कापलेत?"

"सात."

"सतरा कर. लाल पेनाने. झालं."

"साहेब, पण मुलीला अडुसष्ट आहेत."

"कुणी सांगितलं? संगणकात अठ्ठावन्न आहेत. कागदाने आकड्याशी जुळायचं असतं, छोटी तान, आकड्याने कागदाशी नाही. आणि निबंधाचं काय गं? आज सतरा वाटतो, उद्या सात वाटतो. समिती काय निबंध वाचत बसणार आहे? ती बेरीज करणार."

"मुलगी वर्गात तिसरी आहे."

"तिने तक्रार केली?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुझं काय? यंदा तुझी असोसिएट प्रोफेसरची फाइल वर गेलीय ना? कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"गुण बदलायचे तर अध्यापन-अपघाताची नोंद करावी लागेल. अपघात कुणाच्या नावावर? तुझ्या. दोन वर्षं फाइल कपाटात. तपासणीच्या वर्षी विभागाचं नाक कापलं जाईल ते वेगळंच." त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्यात घेतली. "मी तुझ्याच भल्याचं सांगतो."

आमच्याकडे तासाला दहा मिनिटं उशिरा आलं तरी अध्यापन-अपघात होतो, त्याचे तीन दर्जे असतात आणि नावानिशी सगळ्या विद्यापीठात जाहीर होतो. मी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा मला बरं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटत होतं. वरून हुकूम आला की डोक्यावरचं ओझं उतरतं. डेरेकला साताचे सतरा करायला लावायचे एवढंच काम उरलं होतं.

ते काम डेरेकने ऐकलंच नाही. मी त्याच्या घरी गेले, तो लाल पेन घेऊन खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसला होता. मी सांगितलं आणि तो हसायला लागला. मग त्याला कळलं की मी थट्टा करत नाही.

"हा निबंध तिने आजीच्या म्हशीवर लिहिलाय," तो म्हणाला. "तू वाच. सातसुद्धा मी जास्तच कापलेत."

"डेरेक, माझी तिसरी खेप आहे. यंदा नाही झालं तर पुढे कधी होईल सांगता येत नाही. तुम्ही दोन वर्षांनी निघून जाल, मला इथेच मरायचंय."

मग लाल पेन त्याने माझ्या हातात दिलं.

"मग तूच लिही. तुझी सही आहेच खाली. मी कुणाला सांगणार नाही. पण माझ्या हाताने नाही."

चार वर्षांत त्याने पहिल्यांदाच 'का' विचारलं नव्हतं. पेपर आणि पेन घेऊन मी घरी आले. साताच्या डावीकडे एक उभी रेघ ओढायची, वर अठ्ठावन्न तसेच ठेवायचे. एवढ्याला किती वेळ लागतो? मी भात लावला, मिरच्या परतल्या, जेवले, भांडी घासली. पेपर टेबलावर तसाच होता. निबंध मी मुद्दाम वाचला नाही.

बुधवारी सकाळी मी रुईलानला शोधायला निघाले. मनात काय होतं ते लपवत नाही. तिला नोकरी लागली असेल, एम.ए. करायचंच नसेल, एखादा मुलगा बघून ठेवला असेल, असं काहीतरी कानावर यावं म्हणजे मी मोकळी, अशी माझी आशा होती.

ती ग्रंथालयाच्या जिन्यात सापडली. आत जागा मिळत नाही म्हणून प्रवेशपरीक्षेची पोरं जिन्यात घडीची स्टुलं टाकून बसतात आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने घोकतात. बारीक अंगाची, जाड चष्म्याची मुलगी. मला बघून ताडकन उभी राहिली.

"बस, बस. जेवलीस का?"

"हो, मॅडम."

"प्रवेशपरीक्षेला बसतेयस? इंग्रजीच ना?"

"नाही मॅडम. ग्रंथालयशास्त्र."

"का बरं? तिसरी आहेस ना वर्गात?"

तिने पुस्तक छातीशी धरलं. "इंग्रजीच्या पेपरात निबंध असतो."

"मग?"

"दुसऱ्या वर्षी लेखनात नापास झाले होते ना मी. आधी वाटलं, काहीतरी चुकलं असेल. तुमच्याकडे आले होते, मॅडम. पेपर बघायचा अर्ज घेऊन."

"माझ्याकडे?"

"हो. तुम्ही म्हणालात, अर्ज द्यायचा तर दे, पण परदेशी सरांना वाटेल आपल्यावर संशय घेतला. एवढ्या लांबून आलेत, त्यांचा मान जाईल. त्यापेक्षा घरी जाऊन अभ्यास कर." ती हे अगदी सरळ सांगत होती, मी सांगितलेला एखादा नियम मलाच म्हणून दाखवावा तसं. "बरोबरच होतं तुमचं. मी अर्ज फाडून टाकला. मग सुट्टीत तोच निबंध आठवून पुन्हा लिहून काढला. चार-पाच वेळा लिहिला. कितीही वाचला तरी मला त्यात चूक दिसेना. तेव्हा कळलं की मला चूक कळतच नाही. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही त्याने लिहू नये ना, मॅडम? म्हणून सोडलं."

मी आठवायचा प्रयत्न केला. खूप केला. ती मुलगी, तो अर्ज, ती दुपार, काही म्हणजे काही आठवेना. असं मी किती जणांना म्हटलं असेल देव जाणे. सवयीने तोंडात बसलेलं वाक्य होतं ते.

"तुझी चूक नव्हती," मी म्हटलं. "तुला अडुसष्ट होते. बेरीज चुकली."

मला वाटलं, ती रडेल किंवा मला चार शब्द सुनावेल. ती पांढरी पडली.

"मॅडम, तुम्ही ल्याओ साहेबांना सांगितलं का? त्यांना वाटेल मी तक्रार केली. मी कुणाकडे काही बोलले नाही, शप्पत! यंदा माझा प्रबंध आहे. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा."

"अगं, माफी कसली मागतेस!" मी एवढ्या जोरात ओरडले की जिन्यातलं सगळं घोकणं थांबलं. "दहा गुण तुझे गेलेत! दोन वर्षं तुझी गेलीत! आणि माफी तू मागतेस?"

"हळू बोला, मॅडम," ती कुजबुजली. "लोक बघतायत."

मला त्या मुलीचा एवढा राग आला की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मग जिना उतरता उतरता लक्षात आलं की हे तिला शिकवलं कोणी. एका वाक्यात मीच शिकवलं होतं, आणि व्याकरणाच्या तीन वर्षांच्या तासांपेक्षा ते तिच्या डोक्यात जास्त पक्कं बसलं होतं.

अपघाताचा फॉर्म दोन पानी असतो. मी तो उभ्या-उभ्या भरला. दर्जा तिसरा. जबाबदार व्यक्ती तान शू-यी. कारणाच्या रकान्यात लोक 'नजरचूक' लिहितात. मी नजर टाकलीच नव्हती, तर ती चुकणार कशी? मी लिहिलं, पेपर न उघडता सही केली. खाली आणखी एक ओळ लिहिली, विद्यार्थिनी अर्ज घेऊन आली असता तिला परत पाठवले.

ल्याओ साहेबांनी फॉर्म वाचला आणि चघळायचे थांबले.

"ही दुसरी ओळ कशाला? ती कुणी विचारली होती?"

"कुणीच नाही."

"स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेतेयस."

"हो साहेब. सही करा. उद्या बाराच्या आत यादी जायचीय."

"दोन वर्षं, छोटी तान."

"मला वजाबाकी येते, साहेब."

मग त्यांना काहीतरी सुचलं, चेहरा उजळला आणि सुपारी पुन्हा सुरू झाली. समितीला म्हणे 'स्वतः शोधून स्वतः दुरुस्त केलेल्या चुका' अशीही एक फाइल दाखवावी लागते आणि आमची ती फाइल रिकामीच होती. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि फॉर्मच्या तीन प्रती काढायला सांगितल्या. माझी बेअब्रू विभागाच्या कामी आली. या माणसांपुढे हात टेकले.

गुरुवारी यादी वर गेली, त्यात पेंग रुईलानचं नाव तिसरं होतं. शुक्रवारी माझं नाव सगळ्या विद्यापीठाच्या ग्रुपवर झळकलं आणि माझी फाइल परत आली. डेरेक सफरचंदांची पिशवी घेऊन दारात आला, तोही वामकुक्षीच्या वेळी. मी त्याला हाकलून दिलं, सफरचंदं ठेवून घेतली.

पुढच्या सोमवारी रुईलान माझ्या खोलीत आली. बराच वेळ दारातच घुटमळली.

"मॅडम, पेपर बघता येईल का? निकाल लागलाय, आता काही उपयोग नाही, पण एकदा बघायचा होता."

नियमाप्रमाणे पेपर बाहेर नेता येत नाही आणि कुणीतरी समोर बसावं लागतं. मी तिला खुर्ची दिली, समोर बसले. ती पहिल्या पानापासून वाचायला लागली. बोट ओळीवरून सरकत होतं. हसऱ्या चेहऱ्यापाशी ती थोडी थांबली. चौथं पान संपायला अर्धा तास गेला. मला तासाला जायचं होतं, मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. मग तिने पुन्हा तिसरं पान काढलं आणि चष्मा वर सरकवला.

"मॅडम."

"काय?"

"इथे सरांनी दोन गुण उगाच कापलेत." आवाज बारीक होता, पण बोट कागदावरून हललं नाही. "हे वाक्य बरोबर आहे. मी तेव्हाही सांगितलं असतं."

मी वाक्य वाचलं. तिच्या आजीची म्हैस चिखलातून बाहेर यायला तयार नव्हती आणि आजी तिला शिव्या देत होती. वाक्य बरोबर होतं.

"सरांना वाईट वाटेल का?" तिने विचारलं.

"वाटू दे," मी म्हटलं, आणि खणातून फेरतपासणीचा कोरा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला.